कपातलं टॅनिन, ताटातलं लोह

कोल्हापुरी चप्पल वर्षानुवर्षं टिकते याचं श्रेय आपण कारागिराच्या हाताला देतो, आणि ते रास्तच आहे. पण त्या हाताला एका रसायनाची साथ असते. जनावराचं कच्चं कातडं तसंच ठेवलं तर काही दिवसांत कुजतं. ते कमावण्यासाठी या भागातल्या ढोर समाजातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल आणि सह्याद्रीतला हिरडा वापरत आले. साल आणि हिरडा कुटून पाण्यात भिजवायचा, कातड्याची पिशवी शिवून तिच्यात ते तपकिरी पाणी भरायचं आणि पिशवी टांगून ठेवायची. पाणी झिरपत राहतं आणि त्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट जखडतं. अशी जखडलेली प्रथिनं जिवाणूंना सहजासहजी खाता येत नाहीत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या चपलेच्या टिकाऊपणाचं मूळ या जखडण्यात आहे.

टॅनिन हे पॉलिफेनॉल नावाच्या मोठ्या कुळातलं. वनस्पतींनी ही रसायनं आपल्यासाठी बनवलेली नाहीत. किडीला, बुरशीला, चरणाऱ्या जनावराला रोखण्यासाठी आणि कडक उन्हापासून कोवळ्या पानाचा बचाव करण्यासाठी ती आहेत. चहाच्या कोवळ्या पानात पाणी काढून टाकल्यावर उरणाऱ्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा पॉलिफेनॉलचा असतो. बिनदुधाचा कडक चहा प्यायल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, कारण त्या क्षणी लाळेतली प्रथिनं जखडली जात असतात. कातड्याच्या पिशवीत दिवसेंदिवस जे चालतं, ते तोंडात घोटभर वेळात घडतं.

आरोग्याच्या गप्पांमध्ये पॉलिफेनॉलचा हा जखडण्याचा गुण जवळजवळ कधीच येत नाही. तिथे त्याची ओळख ‘अँटिऑक्सिडंट’ अशी असते. ग्रीन टीच्या खोक्यावर, वाइनच्या कौतुकात, डार्क चॉकलेटच्या जाहिरातीत हाच शब्द. या रसायनांनी हृदय सुदृढ राहतं, कर्करोग टळतो, आयुष्य वाढतं, असं कानावर पडत राहतं. त्यात थोडं तथ्य आहे. पण उचगावसारख्या गावात, जिथे चहा घरोघरी दिवसातून तीन-चारदा होतो आणि ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या बाईनं डॉक्टरांकडून ऐकलेलं असतं, तिथे पॉलिफेनॉलचा सर्वांत मोठा परिणाम हृदयावर होत नसून ताटातल्या लोहावर होतो, असं माझं म्हणणं आहे. आणि तो परिणाम टाळणं चहा सोडण्याइतकं कठीण मुळीच नाही.

उचगाव कोल्हापूरला चिकटलेलं गाव. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो. उत्तरेला शिरोलीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला गोकुळ शिरगावची, एका अंगाला गांधीनगरची कपड्यांची घाऊक बाजारपेठ, दुसरीकडे उजळाईवाडीचा विमानतळ. शेती आक्रसत गेली आणि कामाची वेळ घड्याळावर आली. सकाळच्या पाळीला जाणारा कामगार, गांधीनगरच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, शहरात चार घरची धुणीभांडी करणारी बाई, या सगळ्यांच्या न्याहारीत एक गोष्ट समान असते: चहा-चपाती. रात्रीची चपाती सकाळच्या चहात बुडवून खायची. वेळ वाचतो, पोट भरतं, भाजी करावी लागत नाही. चपाती नसेल तर खारी, बटर, टोस्ट. न्याहारीला पोहे असले तरी बशीशेजारी कप असतोच.

गहू, ज्वारी, नाचणी, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह शोषून घेणं शरीराला मुळातच अवघड जातं. मांसातलं लोह वेगळ्या वाटेनं आत जातं आणि त्याच्यावर चहाचा फारसा परिणाम होत नाही. धान्यातल्या लोहाला मात्र आतड्यात टॅनिन भेटलं की दोघांची गाठ बसते आणि ते लोह शोषलं न जाता तसंच बाहेर पडतं. ही गाठ डोळ्यांनी पाहता येते. दवाखान्यात मिळणारी लोहाची गोळी कुटून बिनदुधाच्या चहात टाकली, तर चहा काळाशार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करत, ती याच रसायनानं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी फार नंतर मोजलं ते आपल्या चुलीवर रोज दिसत होतं.

त्यांनी मोजलं तेही ठसठशीत आहे. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी चहा आणि लोहशोषण यांच्यावर जो मूलभूत प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात सहभागी झालेल्या बायका तिथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांतल्या होत्या. जेवणासोबत चहा घेतला की लोहाचं शोषण कोसळतं, हे त्यातून पुढे आलं. १९९९ साली हरेल, रेड्डी आणि कुक यांनी पावाच्या साध्या न्याहारीसोबत निरनिराळी पेयं देऊन तुलना केली. पाण्याच्या मानानं काळ्या चहानं लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटवलं. पाव आणि चहा म्हणजे आपली चहा-चपातीच. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी कोल्हापूरकरांनी नीट वाचावी अशी आहे. चहात दूध घातल्यानं ही घट जवळपास जराही कमी झाली नाही.

आपल्याकडे चहाची प्रतिष्ठा दुधावर ठरते. १९६३ पासून ‘गोकुळ’नं जिल्ह्यातल्या गावागावांत दूध संकलनाचं जाळं विणलं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिण्याची रीत या शहरानं जपली. पाहुण्याला पातळ चहा देणं इथे कमीपणाचं मानलं जातं. दुधानं चहाचा तुरटपणा जातो, म्हणून तो बाधत नाही, अशी एक समजूत आहे. जिभेपुरती ती खरी आहे, कारण दुधातलं केसीन टॅनिनला धरून ठेवतं. लोहाच्या बाबतीत ती खरी नाही. उलट दुधातलं कॅल्शियम स्वतःच लोहाच्या आड येतं.

दुधानं चहाचे हृदयाला होणारे फायदे तरी शाबूत राहतात का? २००७ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटानं १६ बायकांवर प्रयोग करून सांगितलं, की काळा चहा प्यायल्यावर रक्तवाहिन्या अधिक सैल होतात आणि त्यात दूध घातलं की हा परिणाम पुसला जातो. दुसऱ्या काही प्रयोगांत दूध घालूनही रक्तातलं कॅटेचिनचं, म्हणजे चहातल्या पॉलिफेनॉलचं, प्रमाण तेवढंच भरलं. हा वाद अजून मिटलेला नाही. २०२२ साली ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख माणसांचा ११ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि दूध-साखर घेणाऱ्यांतही हा फरक दिसला. ब्रिटिश माणूस दूधवाला काळा चहाच पितो, म्हणून हा निष्कर्ष आपल्या कपाच्या बराच जवळचा आहे. जपानमधल्या ओसाकी इथल्या चाळीस हजार माणसांच्या अभ्यासात, २००६ साली, ग्रीन टी भरपूर पिणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही.

हे आकडे मी मनापासून मान्य करतो, पण एक गोष्ट ध्यानात धरून. ब्रिटन आणि जपानमधले हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास आहेत. चहा पिणारा आणि न पिणारा यांच्यात इतरही शंभर फरक असतात. शिवाय ही ब्रिटनमधली आणि जपानमधली चाळिशीच्या आसपासची आणि त्यापुढची माणसं आहेत. तिथे मांस, मासे, अंडी ताटात नेमानं असतात, आणि पाळी थांबलेल्या बायका त्यांत मोठ्या संख्येनं असतात. चहानं लोह थोडं अडवलं तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. उचगावातल्या अठरा वर्षांच्या मुलीचं बिघडतं. तिला दर महिन्याला रक्त जातं, तिचं लोह मुख्यतः चपाती-भाकरी-डाळीतून येतं, आणि तिचं लग्न व बाळंतपण पुढ्यात आहे. एकाच कपाचा हिशेब दोन शरीरांत इतका वेगळा लागतो. आरोग्याच्या सदरांत मात्र आपल्याला कायम ब्रिटनमधला हिशेब वाचायला मिळतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांमध्ये तो २५ टक्के होता. महाराष्ट्रातल्या बायकांचा आकडा ५४.२ टक्के. त्याआधीच्या फेरीत तो ४८ होता. म्हणजे राज्य श्रीमंत होत गेलं, गोळ्या वाटल्या गेल्या, आणि रक्त मात्र कमीच होत गेलं.

या आकड्यांवर शंका घेणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचं ऐकायला हवं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबातलं हिमोग्लोबिन शिरेतून घेतलेल्या रक्तापेक्षा वेगळं भरू शकतं. भारतीय माणसासाठी हिमोग्लोबिनची किमान रेषा वेगळी असावी, असंही काहीजण सांगतात. शिवाय रक्तक्षय म्हणजे दर वेळी लोहाची कमतरता असं नसतं. बी-१२ कमी असतं, जंत असतात, वारंवारचा संसर्ग असतो, थॅलेसेमियाचं वाहकत्व असतं. हे सगळं धरूनही लोहाचा वाटा मोठाच राहतो. आणखी एक आक्षेप अधिक नेमका आहे. दीर्घकाळ टॅनिन घेणाऱ्यांचं शरीर त्याला सरावतं, लाळेतली विशिष्ट प्रथिनं टॅनिनला आधीच पकडतात, त्यामुळे एका जेवणाच्या प्रयोगात दिसणारा तोटा रोजच्या आयुष्यात इतका मोठा नसेल, असं काही अभ्यास सुचवतात. हे खरं असू शकतं. पण तोटा ९० टक्के आहे की ४०, हा वाद अशा घरी निरर्थक ठरतो, जिथे लोह आधीच काठावर आहे.

कोल्हापूरच्या जेवणाचं नाव निघालं की तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. मांसातलं लोह चहाला बधत नाही, तेव्हा इथे प्रश्न सौम्य असेल, असं कुणी म्हणेल. पण रस्सा बुधवारी-रविवारी असतो आणि चहा-चपाती रोज. बऱ्याच घरांत मटणाचे तुकडे आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात पडतात, शेवटी जेवायला बसणारीच्या वाट्याला रस्सा येतो. त्यात भर म्हणजे बायकांचे उपास, आणि उपासाला चालणारी गोष्ट म्हणजे पुन्हा चहा. ज्या शरीराला लोहाची सर्वाधिक गरज, त्याच शरीराला लोह अडवणारं पेय सर्वाधिक आणि मांस सर्वांत कमी मिळतं. यात रसायनशास्त्राचा दोष काहीच नाही. वाढण्याचा क्रम माणसांनी ठरवलेला आहे आणि माणसांनाच तो बदलता येईल.

इथे वाइनकडे वळायला हवं, कारण पॉलिफेनॉलचा गवगवा मुख्यतः तिच्यामुळे झाला. १९९१ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीनं एका कार्यक्रमात सांगितलं, की फ्रेंच लोक लोणी आणि चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो आणि त्याचं कारण रेड वाइन असू शकतं. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ‘लॅन्सेट’मध्ये हीच मांडणी केली. अमेरिकेत रेड वाइनचा खप झपाट्यानं वाढला. मग द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल हे पॉलिफेनॉल नायक झालं. यीस्टचं आणि पुढे उंदरांचं आयुष्य त्यानं सुधारतं, असे प्रयोग आले. २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं त्यावर काम करणारी सर्ट्रिस कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली, आणि २०१३ साली तिचं स्वतंत्र कार्यालय बंद केलं. दरम्यान २०१२ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठानं आपल्याच एका नामांकित रेस्व्हेराट्रॉल संशोधकाच्या कामात बनावट आकडेवारीचे १४५ प्रकार सापडल्याचं जाहीर केलं. २०१४ साली इटलीतल्या कियांती भागातल्या, म्हणजे वाइनच्या माहेरघरातल्या, ७८३ वृद्धांचा नऊ वर्षांचा अभ्यास आला. ज्यांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश जास्त होते, ते इतरांपेक्षा जास्त जगले नाहीत आणि त्यांना हृदयविकार वा कर्करोगही कमी झाला नाही.

मुळात प्रमाणाचा हिशेब केला असता तरी हे कळलं असतं. उंदरांना दिलेली मात्रा दर किलो वजनामागे रोज वीस मिलिग्रॅमच्या वर होती. एक लिटर रेड वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल मोजकेच मिलिग्रॅम असतं. साठ किलोच्या माणसानं नुसत्या वजनाच्या हिशेबानं तेवढी मात्रा गाठायची, तर त्याला दिवसाला शेकडो लिटर वाइन लागेल. त्या वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोल माणसात कर्करोग घडवतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं १९८८ सालीच नोंदवलं. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेनं स्पष्ट म्हटलं, की आरोग्याला धोका नसेल अशी अल्कोहोलची कोणतीही मात्रा नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा नाही. राज्यानं २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, मोठा वाद झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद जोरात होता. द्राक्ष उत्पादकाला दोन पैसे मिळावेत, ही भूमिका मला समजते आणि पटते. तासगाव-पलूसच्या शेतकऱ्यानं अवकाळी आणि गारपीट यांच्याशी दिलेली झुंज कुणी हलकी लेखू नये. पण त्यासाठी वाइनला औषधाचा पेहराव चढवणं चूक आहे. ज्याला वाइन आवडते त्यानं ती चवीसाठी घ्यावी, तिची किंमत आणि धोका समजून घ्यावा. हृदयासाठी म्हणून कुणी पहिला पेला उचलू नये. आणि द्राक्षातलं पॉलिफेनॉलच हवं असेल, तर ते साल आणि बियांसकट काळी द्राक्षं खाऊन मिळतं. जांभळात आणि आमसुलातही काळ्या द्राक्षांच्या सालीसारखं जांभळट-लाल रंगद्रव्य भरपूर असतं.

पॉलिफेनॉलच्या गोळ्यांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखं फारसं नाही. खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी एक सारणी अमेरिकेच्या कृषी विभागानं तयार केली होती. कंपन्या तिचा जाहिरातीत गैरवापर करत आहेत आणि परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या शरीराशी संबंध दिसत नाही, असं सांगून त्या विभागानंच ती २०१२ साली काढून टाकली. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांतून इजीसीजी हे कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं, तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली दिला. सांगलीची हळद आपल्या अभिमानाची गोष्ट आहे, आणि तिच्यातलं कर्क्युमिन हेही पॉलिफेनॉलच. पण ते आतड्यातून इतकं कमी शोषलं जातं, की त्याच्या कॅप्सूलनं कर्करोग बरा होतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावं. भाजीत हळद घालायची ती घालतच राहू.

अन्नातून येणाऱ्या पॉलिफेनॉलचा बराचसा भाग लहान आतड्यात शोषलाच जात नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. त्या तुकड्यांपैकी काही शरीराच्या कामी येतात. प्रत्येकाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती निराळी असल्यानं डाळिंब एकाला जे देतं, ते दुसऱ्याला देईलच असं नाही. म्हणून कुठलंही एक रसायन उचलून त्याला नायक करण्यापेक्षा ज्वारी, नाचणी, कांदा, लसूण, आवळा, पेरू, शेंगदाण्याची साल असं मिश्र अन्न खाणं शहाणपणाचं. यांतल्या नाचणी-ज्वारीतही टॅनिन असतं, हे मान्य करायला हवं. पण आवळा-लिंबातलं क जीवनसत्त्व जेवणातच असलं, तर ते टॅनिनचा बराचसा जोर मोडून काढतं. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत चवीसाठी असेल, पण लोहासाठी ती उत्तम आहे. बाजूचा कप तेवढा तिचं काम उधळून लावतो.

मग चहा सोडावा का? गांधीजींचं उत्तर हो असंच होतं. १९४२ साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात चहातल्या टॅनिनविषयी तक्रार आहे आणि पानं उकळत ठेवण्याला विरोध आहे. चहापूड जितकी उकळाल तितकं टॅनिन जास्त उतरतं, हे रसायनाच्या अंगानं बरोबर आहे. आज आपण वापरतो ती दाणेदार किंवा बारीक पूड तर पान चुरडून, फाडून, वळवून केलेली असते. तिच्यातलं टॅनिन पानाच्या चहापेक्षा फार लवकर पाण्यात उतरतं, आणि आपण ती दुधासकट खळखळ उकळतो. तरीही मला गांधीजींचं उत्तर या गावासाठी योग्य वाटत नाही.

कारण चहानं या मातीत असं एक काम केलं आहे, जे कुठल्याही रसायनाच्या सारणीत येत नाही. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला स्पर्श केला म्हणून मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा कुणी प्यायला तयार नव्हतं. महाराज आपली गाडी ‘सत्यसुधारक’ हॉटेलपुढे थांबवत, मोठ्यानं चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या वरच्या जातीच्या मंडळींनाही प्यायला लावत. ज्या शहरात एका कपानं एवढी भिंत फोडली, त्या शहराच्या वेशीवरच्या गावाला चहा टाका म्हणून सांगणं मला जमणार नाही. उचगावच्या पुलाजवळच्या टपरीवर आज ट्रकवाला, विद्यार्थी आणि गवंडी एकाच बाकावर बसून चहा पितात. दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या बाईला चार वाजता मिळणारा कप ही तिची हक्काची दहा मिनिटं असतात. ती कुणी काढून घेऊ नयेत.

म्हणून माझं सारं लक्ष वेळेवर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतर्फे जी आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला आहे. २०१७ साली ब्रिटनमध्ये बायकांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात लोहयुक्त जेवणानंतर तासाभरानं चहा घेतला, तेव्हा लोहावरचा त्याचा अंकुश बराच ढिला पडला. पेय तेच, प्रमाण तेच, फक्त तासभराचं अंतर. चहा उठल्याबरोबर घ्यावा, न्याहारी तासानं करावी, किंवा न्याहारी आधी करून चहा कामावर गेल्यावर घ्यावा. चपाती चहाऐवजी डाळीशी, उसळीशी, शेंगदाण्याच्या चटणीशी खावी आणि सोबत लिंबाची फोड असावी. वर लोहाच्या गोळीचा तर काटेकोर नियमच हवा: गोळी चहासोबत कधीच घ्यायची नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे सरकारी यंत्रणेचं दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खुपतं. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस द्यायची असते. शाळेतल्या किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. गोळ्या पोचवण्यासाठी आशाताई उन्हातान्हात फिरतात, त्यांच्या वहीत वाटलेल्या गोळ्यांची संख्या लिहिली जाते. गोळी कशासोबत गिळली, हे त्या वहीत येत नाही. गोळीनं मळमळतं म्हणून कित्येकजणी ती चहाच्या घोटासोबत घेतात, आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढलं नाही म्हणून बाईलाच बोल लावला जातो. त्या वहीत चहाच्या वेळेसाठी एक रकाना वाढवायला खर्च शून्य आहे.

हा बदल एकट्या बाईच्या इच्छाशक्तीवर सोडणं मात्र अन्यायाचं होईल. तिची न्याहारीची वेळ तिच्या हातात नसते. पाळी किती वाजता सुरू होणार, दुकान कधी उघडणार, डबा खायला किती मिनिटं मिळणार, हे दुसरं कुणी ठरवतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डब्यापाठोपाठ चहाची किटली फिरते, कारण मालकाला दोन सुट्ट्यांऐवजी एक परवडते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांनी, गांधीनगरच्या व्यापाऱ्यांनी दुपारचा चहा जेवणाच्या सुट्टीतून काढून तासाभरानं, पाच मिनिटांच्या वेगळ्या सुट्टीत दिला, तर उत्पादन बुडणार नाही. उचगावच्या महिला ग्रामसभेनं हा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत कारखानदारांच्या संघटनांना आणि गांधीनगरच्या व्यापाऱ्यांना पाठवावी. ठरावात मागणी एवढीच असावी, की डबा एक वाजता आणि चहा दोन वाजता.